ओमानची ईद आणि आपली ईद

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला आहे आखाती देशातली ईद. आखातात सहा देश आहेत आणि सहाही देशांची ईद थोडी थोडी वेगळी आहे. तासाभरात सगळीकडे फिरायचं म्हटलं तर विमानतळच तेवढे दिसतील. म्हणून मी एकच देश घेतो, ओमान.

ओमान का? एक तर तो आपल्याला परका नाही. रत्नागिरी, रायगडमधल्या कितीतरी घरांत कुणाचा मामू, कुणाचे चाचा मस्कतला राहून आलेले असतात. दुसरं म्हणजे हा देश आकाराने जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढा आहे, तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडा वर. पण लोकसंख्या सुमारे पन्नास लाख, आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक बाहेरून कामाला आलेले. तिसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आपल्यातल्या बऱ्याच तरुणांच्या मनात एक समज पक्का बसलेला असतो, की अरबस्तानात चालतं ते अस्सल आणि आपल्या आजीने, नानीने केलं ती भेसळ. शिरखुर्मा करता, शेजारच्या हिंदू घरी डबा पाठवता, हे सगळं 'इथलं' आहे, 'तिथे' असं नसतं, असं सांगणारे व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर येतच असतात. तर मग 'तिथे' नेमकं काय असतं, ते एकदा नीट पाहू या.

सुरुवात चंद्रापासून करू. ईदच्या आदल्या रात्री आपल्याकडे दरवर्षी वाद होतो. सौदीत ईद झाली, मग आपली का नाही? एकच उम्मत, तर दोन ईद कशा? आता ओमानचं पाहा. ओमान सौदी अरेबियाच्या अगदी शेजारी आहे, दोघांची सरहद्द एक आहे. तरीही चंद्राचा निर्णय ओमानचं धार्मिक व्यवहार मंत्रालय स्वतः करतं. त्यासाठी समिती असते, जिल्ह्याजिल्ह्यातून चंद्रदर्शनाच्या खबरी मागवल्या जातात आणि खगोलशास्त्राचं गणितही पाहिलं जातं. त्या संध्याकाळी चंद्र दिसणं शक्यच नव्हतं असं गणित सांगत असेल, तर कुणी 'मी पाहिला' म्हटलं तरी ते चालत नाही.

परिणाम काय होतो? २०२३ साली सौदीची रमजान ईद २१ एप्रिलला झाली, ओमानची २२ एप्रिलला. भारतातही ती २२ लाच होती. २०२५ साली सौदीत ३० मार्च, ओमानमध्ये ३१ मार्च आणि आपल्याकडेही ३१ मार्च. २०२४ ची बकरी ईद तर हजशी जोडलेली. सौदीत ती १६ जूनला झाली, ओमानमध्ये १७ जूनला, आपल्याबरोबर. दरवर्षी असंच होतं असं नाही. २०२४ ची रमजान ईद ओमानने सौदीबरोबर १० एप्रिललाच केली. म्हणजे ओमानला सौदीशी भांडायचं नसतं. आपल्या आकाशात काय दिसतं ते आपण पाहायचं, एवढीच त्यांची भूमिका. आणि शेजारच्या देशात एक दिवस आधी ईद झाली म्हणून ओमानच्या लोकांचा ईमान कमजोर झाला, असं तिथे कुणी म्हणत नाही.

आता बाजाराकडे येऊ. ईदच्या आधीच्या आठवड्यात ओमानच्या गावोगावी एक खास बाजार भरतो. त्याला म्हणतात 'हब्ता'. शब्दाचा अर्थ उतरणं. डोंगरातली माणसं आपली जनावरं, आपला माल घेऊन खाली उतरायची, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. निझवा, फंजा, समाइल, सूर, इब्रा, एकेका गावाचा हब्त्याचा दिवस ठरलेला असतो. सकाळी लवकर, किल्ल्याच्या पायथ्याशी, खजुरीच्या बागांच्या कडेला लोक जमतात. निझव्याला बकऱ्यांचा लिलाव पाहण्यासारखा असतो. घेणारे गोल करून बसतात, उभे राहतात आणि विकणारे बकरं घेऊन त्यांच्यामधून फेऱ्या मारतात. कुणी हात करून थांबवतो, दात पाहतो, पाठ चाचपतो, भाव बोलतो. जनावरांशिवाय मसाले, खजूर, तूप, सुऱ्या, मुलांची खेळणी आणि ओमानी हलवा. साखर, पीठसत्त्व, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी मोठ्या कढईत तासन्‌तास घोटून हा हलवा करतात. आपल्याकडच्या माहीमच्या किंवा देवनारच्या बाजाराला गेलेल्या माणसाला यातलं काहीच नवखं वाटणार नाही. फरक एवढाच, की तिथे बाप आपल्या लहान मुलाला मुद्दाम बरोबर आणतो, भाव कसा करायचा ते शिकवायला.

ईदच्या सकाळी आंघोळ, नवे कपडे, अत्तर आणि लोबानाचा धूर. पुरुष पांढरा लांब झगा घालतात, त्याला दिशदाशा म्हणतात. कमरेला वाकडी कट्यार, तिचं नाव खंजर. २०२२ साली युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. डोक्याला रंगीत लोकरी कापड गुंडाळतात, ते मसर. आता गंमत ऐका. चांगला, महागडा मसर कोणत्या लोकरीचा? काश्मीरच्या पश्मिन्याचा. आणि रोज डोक्यावर असते ती नक्षीदार टोपी, कुम्मा, तिचं नातं पूर्व आफ्रिकेशी, झांझिबारशी. एकोणिसाव्या शतकात झांझिबारवर ओमानच्या सुलतानांचं राज्य होतं, तिथली लवंग जगभर जायची, आणि येताना टोपी, भाषा, चवी इकडे आल्या. ईदच्या ताटातला तांदूळ तर भारत-पाकिस्तानातून जातो, कारण ओमानच्या कोरड्या जमिनीत तो पिकत नाही. एवढंच काय, १९७० पर्यंत ओमानमध्ये रुपया चालायचा. १९५९ पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. म्हणजे ज्याला आपण अस्सल अरबी ईद समजतो, तिच्या डोक्यावर काश्मीर आहे, ताटात हिंदुस्थान आहे आणि मसाल्यात आफ्रिका आहे. त्यामुळे ती कमी इस्लामी होते का? ओमानी माणसाला हा प्रश्नच पडत नाही.

आपला शिरखुर्माही असाच आहे. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. त्यात शेवया आल्या, चारोळी आली, आणि तो औरंगाबादचा, पुण्याचा, सोलापूरचा झाला. कोकणात त्याच दिवशी तांदळाचं सांदण होतं. माणूस जिथे राहतो तिथल्या मातीतून, तिथल्या बाजारातून त्याचा सण उभा राहतो.

नमाजला ओमानी लोक उघड्या मैदानात, म्हणजे ईदगाहवर जातात, तशी मशिदीतही होते. इथे तुम्हाला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. ओमानमध्ये इबादी पंथाचे मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. हा पंथ सुन्नीही नाही आणि शियाही नाही. त्यांच्याबरोबर सुन्नी आहेत, शिया आहेत. मस्कतजवळच्या मत्रहमध्ये लवाती नावाची जमात आहे, तिची मुळं सिंध-कच्छकडची. बलुच आहेत. इबादी माणूस नमाजमध्ये हात मोकळे सोडून उभा राहतो, त्याच्या शेजारी सुन्नी माणूस हात बांधून उभा असतो. एकाच मशिदीत, एकाच रांगेत, एकाच इमामाच्या मागे. कुणी कुणाचे हात ओढून सरळ करत नाही.

हे ऐकून नवल वाटलं असेल तर आपल्याकडे पाहा. कोकणातला मुसलमान शाफई आहे, देशावरचा बहुतेक हनफी. ईदच्या नमाजमध्ये शाफईंच्या जादा तकबिरी बारा, सात आणि पाच. हनफींच्या सहा. हनफी मतात ऐपत असलेल्यावर कुर्बानी वाजिब आहे, शाफई मतात ती सुन्नत आहे, मोठ्या महत्त्वाची पण सुन्नत. चिपळूणचा मुलगा पुण्याला शिकायला येतो आणि ईदच्या नमाजला गोंधळतो, तो यामुळेच. हे मतभेद हजार-बाराशे वर्षांचे आहेत, मोठमोठ्या विद्वानांनी ते मान्य करून ठेवले आहेत. 'एकच बरोबर पद्धत' शोधायला निघालेल्यांनी आधी एवढं तरी वाचावं.

आता मुलींनी विचारायचा प्रश्न मीच विचारतो. ओमानमध्ये ईदच्या नमाजला बायका जातात का? शहरांत जातात, त्यांच्यासाठी वेगळी जागा असते. मस्कतची सुलतान काबूस मोठी मशीद २००१ साली खुली झाली. तिच्यात स्त्रियांसाठी साडेसातशे जणी मावतील एवढं स्वतंत्र दालन आहे. पुरुषांचं मुख्य दालन मात्र साडेसहा हजारांचं, हेही सांगायला हवं. आतल्या डोंगरी गावांत अनेक ठिकाणी पुरुष मैदानात जातात आणि बायका घरी स्वयंपाकाच्या घाईत असतात. म्हणजे तिथेही सगळं सारखं नाही. पण बाईने ईदगाहवर येणं म्हणजे धर्मावर संकट, असं तिथल्या शहरात कुणाला वाटत नाही. उम्मे अतिय्या या सहाबी स्त्रीने सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्यात पैगंबरांनी ईदच्या दिवशी तरुण मुलींना, अगदी पाळी आलेल्या स्त्रियांनाही, बाहेर आणायला सांगितलं आहे. पाळी असलेल्यांनी नमाजच्या जागेपासून बाजूला बसावं, पण दुआत सामील व्हावं. आणि आपल्याकडे? २०१९ साली पुण्यातल्या एका दांपत्याला मशीद-प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०२० मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं, की इस्लाम स्त्रियांना मशिदीत नमाज पढायला मनाई करत नाही. मग तुमच्या गावच्या ईदगाहवर बायकांसाठी कनात का लागत नाही, हे जमातीला विचारायला काय हरकत आहे? परवानगी आहे, जागाही निघते. विचारणारं कुणी नाही.

नमाजनंतरचं खाणं पाहू, कारण ओमानची ईद खरी कळते ती तिथेच. पहिल्या दिवशी सकाळी 'अरसिया', भात आणि मांस एकत्र शिजवून अगदी एकजीव होईपर्यंत घोटलेलं, वर तूप. मग 'मिश्काक', सळईला लावून निखाऱ्यावर भाजलेले तुकडे. आणि शेवटी 'शुवा'. गावागणिक दिवसांचा क्रम बदलतो, पण शुवा सगळ्यांचा मानाचा.

शुव्यासाठी जमिनीत खड्डा असतो, आतून दगडांनी बांधलेला, माणूसभर खोल. त्याला तन्नूर म्हणतात, आपला तंदूर तो हाच शब्द. बऱ्याच गावांत तो एकट्या घराचा नसतो, मोहल्ल्याचा असतो. मांसाला लसूण, सिरका, मिरची, जिरं, धने, लवंग, वेलची, दालचिनी असा मसाला चोळायचा. केळीच्या किंवा खजुरीच्या पानांत बांधायचं आणि झावळ्यांच्या विणलेल्या पिशवीत घालून तोंड शिवायचं. प्रत्येक घर आपल्या पिशवीला खूण करतं. खड्ड्यात लाकडं पेटवून त्याचे निखारे करतात. मग ठरलेल्या वेळी सगळी घरं आपापल्या पिशव्या घेऊन जमतात आणि सगळ्या पिशव्या झटपट आत जातात. वर झाकण, त्यावर माती, आणि धुराची एकही रेघ बाहेर येता कामा नये. कुठून धूर निघाला तर लगेच माती लिंपायची, कारण धूर बाहेर येतो म्हणजे हवा आत जाते, आणि हवा गेली की सगळ्यांचं मांस जळतं. एका दिवसाने किंवा दोन दिवसांनी खड्डा उघडतात आणि प्रत्येकजण आपली खूण शोधतो.

या खड्ड्याचा नियम मला फार आवडतो. पिशवी ज्याची त्याची, मसाला ज्याच्या त्याच्या घरचा, पण आग सगळ्यांची आणि राखणही सगळ्यांची. श्रीमंताची पिशवी मोठी असेल, पण ती वेगळ्या आगीत शिजत नाही.

शहरात मात्र हा खड्डा शक्य नसतो. मस्कतमध्ये पालिका लोकांना सांगते, की रस्त्यावर, मोकळ्या जागेत जनावर कापू नका, मान्यताप्राप्त कत्तलखान्यात या. तिथे पशुवैद्य जनावर तपासतो, कचरा आणि रक्त नीट वाहून नेलं जातं. दुबईत तर मोबाइल ॲपवर कुर्बानी नोंदवायची सोय आहे. मांस घरपोच येतं, किंवा तुम्ही सांगाल तर गरजूंना जातं. आपल्याकडे पालिकेने बकरी ईदला जागेचा, स्वच्छतेचा नियम काढला की दोन्ही बाजूंनी लगेच धर्म मध्ये येतो. नियम सगळ्यांना सारखा लागू आहे का, सोय पुरेशी दिली आहे का, हे जरूर विचारा, तो तुमचा नागरिक म्हणून हक्क आहे. पण जागा ठरवून देणं हाच धर्मावर घाला, असं म्हणताना हे लक्षात ठेवा, की मुसलमानांच्या देशांत हे नियम मुसलमान अधिकारीच करतात.

आता थोडं कडू बोलतो. ओमानचं सगळंच गोड आहे असं समजून घरी जाऊ नका. मघाशी म्हटलं, चाळीस टक्क्यांहून अधिक लोक बाहेरचे. त्यांची ईद कुठे असते? मस्कतच्या रुवी भागात ईदच्या संध्याकाळी जा. भारतीय, बांगलादेशी, पाकिस्तानी कामगारांनी फुटपाथ भरलेले असतात. नवा कुर्ता, हातात फोन, पलीकडे केरळ, सिल्हेट किंवा खेड-दापोली. मोहल्ल्याच्या खड्ड्यात त्यांची पिशवी नसते. घरकाम करणाऱ्या बाईला तर ईद म्हणजे वर्षातला सर्वांत जास्त कामाचा दिवस. अनेक ओमानी घरं मांस वाटतात, कामगारांना ईदी देतात, हे खरं आहे. पण दिलेला वाटा आणि बरोबरीने बसणं यात अंतर असतं. तुमच्यातला एखादा उद्या तिथे नोकरीला जाईल तेव्हा हे अंतर त्याला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. तेव्हा आपल्या शहरातही पाहा, ईदच्या दिवशी बिहारहून आलेला बेकरीतला मुलगा, बंगालहून आलेला जरीकाम करणारा कारागीर कुठे जेवतो ते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १५ जुलै २०२४ ला, आशुऱ्याच्या आदल्या रात्री, मस्कतच्या वादी अल-कबीर भागात शिया मशिदीजवळ जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. चार पाकिस्तानी, एक भारतीय आणि एक पोलीस असे सहाजण मेले. इसिसने जबाबदारी घेतली. हल्लेखोर तिघे सख्खे भाऊ होते, ओमानचेच नागरिक. सारा देश हादरला, कारण असं तिथे कधी घडत नाही हा लोकांचा अभिमान होता. हात मोकळे सोडणारा आणि हात बांधणारा शेजारी शेजारी उभे राहतात त्या देशात हे घडलं. तीन भावांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं, की आमचीच रीत खरी आणि बाकीच्यांना जगायचा हक्क नाही.

मी असं म्हणत नाही, की 'शिरखुर्मा बिदअत आहे' असा व्हिडिओ पाहणारा मुलगा उद्या बंदूक घेईल. असं म्हणणं खोटं आणि अन्यायाचं होईल. पण आपल्या आईच्या, शेजाऱ्याच्या, दुसऱ्या पंथाच्या माणसाच्या सणाकडे संशयाने पाहायची सवय लहान गोष्टींतूनच लागते, आणि ती सवय लावणारे 'अरबस्तानात असं नसतं' या एका वाक्यावर जगतात. म्हणून मी इतक्या तपशिलात गेलो. अरबस्तानातही असं एकच एक काही नसतं. पैगंबर जयंतीची सुट्टी ओमान, कुवेत, बहरीन आणि अमिरातींत असते. सौदी आणि कतारमध्ये नसते. अर्ध्या रमजानच्या रात्री ओमानची मुलं गाणी म्हणत दारोदार फिरतात, मिठाई आणि नाणी गोळा करतात, त्याला करनकशुह म्हणतात. कुवेतमध्ये त्याचं नाव वेगळं, कतारमध्ये वेगळं, आणि अमिरातीत तसाच सण रमजानच्या आधी, शाबानच्या मध्यावर. काही आलिमांना हे पसंत नाही, तरी मुलं फिरतातच आणि आया पिशव्या शिवून देतात.

धर्माने ईदसाठी काय सांगितलं? नमाज पढा, ऐपत असेल तर रमजान ईदला फितरा द्या म्हणजे गरिबाच्या घरीही चूल पेटेल, बकरी ईदला कुर्बानीतला वाटा नातलगांना आणि गरजूंना द्या, एकमेकांना भेटा. बाकी काय शिजवायचं, काय नेसायचं, कोणती गाणी म्हणायची, हे ओमानी माणसाने त्याच्या डोंगराला, समुद्राला आणि व्यापाराला विचारून ठरवलं. तुम्हीही तुमच्या आजीला विचारा. तिच्या लहानपणी ईद कशी व्हायची, घरी कोण कोण यायचं, डबे कुठे कुठे जायचे, कोणती गाणी होती, नमाजला बायका जायच्या का. तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा प्रत्येकाने एक तरी आठवण लिहून आणायची, मराठीत, उर्दूत, कोकणीत, ज्या भाषेत ती सांगेल त्या भाषेत.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मुलींचे आधी.